चौथ्या चाकाची धूळ

माझा थोरला मामा गाड्या धुतो. लोक त्याला चकाचक म्हणतात, तोंडावर आणि पाठीमागेही, आणि त्याला ते आवडतं. शहराबाहेर शर्यतीचा ट्रॅक आहे आणि त्याला लागून गॅरेज. सुट्टीच्या दिवशी हौशी लोक आपापल्या गाड्या ट्रॅकवर पळवतात आणि संध्याकाळी मामासमोर आणून उभ्या करतात. दिवसभर टायर जाळून, ब्रेक दाबून दाबून गाडीची जी दशा होते ती बघून मालकाचाच चेहरा उतरतो. मामाचा उतरत नाही. तो बाह्या सरसावतो आणि गाडीभोवती एक चक्कर मारतो.

आधी गाडी गार होऊ द्यायची. टायरचं रबर वितळून चाकामागच्या पत्र्याला काळ्या गोळ्यांनी चिकटलेलं असतं. त्यावर डांबर काढायचं औषध लावून ठेवायचं आणि मग एकेक गोळा सोलायचा, तोही नखाने, कारण पात्याने रंग जातो. ब्रेकची धूळ त्याहून चिवट. ती लोखंडाची भुकटी, तापलेल्या चाकात भाजून बसलेली. तिच्यावर लोखंड विरघळवणाऱ्या औषधाचा फवारा मारला की पाणी जांभळं होऊन खाली गळतं. मग दात घासायचा जुना ब्रश घेऊन एकेक फट घासायची. एका चाकाला अर्धा तास कुठे गेला कळत नाही. पन्नाशी उलटल्यावर मामाचा उजवा खांदा कुरकुरायला लागला होता, पण कामात त्याने कधी अंग चोरलं नाही, असं आम्ही मोठ्या कौतुकाने सांगायचो.

धाकटा मामा त्याच गॅरेजात मेकॅनिक. थोरल्यानेच त्याला तिथे चिकटवलेलं. आईवडील लवकर गेले आणि थोरल्याने धाकट्याला लेकरासारखं वाढवलं. माझी आई मधली. ती म्हणते, "मला कुणी वाढवलं नाही, मी आपली आपोआप वाढले." ब्रेकच्या धुळीने धाकट्याला खोकल्याची उबळ यायची. म्हणून थोरल्याने गॅरेजात एक पद्धतच पाडली. ट्रॅकवरून आलेली गाडी आधी धुवायची, मगच धाकट्याने तपासायची. गॅरेजच्या शेठलाही ते पटलं. स्वच्छ गाडी हातात आली तर कोण नको म्हणेल?

गिऱ्हाइकांत दातांचे एक डॉक्टर होते. मामा दिसला की म्हणायचे, "चकाचक, गाडीचे दात रोज घासता, स्वतःचे कधी दाखवताय?" मामा हसायचा आणि तोंडावर हात धरायचा. एका रविवारी ट्रॅकचा सरळ रस्ता संपतो तिथे डॉक्टरांनी जोरात ब्रेक दाबला. गाडी डावीकडे ओढली गेली आणि भिंतीवर आदळली. डॉक्टर जागच्या जागी गेले. घरी बायको आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली.

गाडी उघडली तेव्हा कळलं की पुढच्या उजव्या चाकाचा ब्रेक धरतच नव्हता. आतला दट्ट्या गंजून अडकला होता. तपासणीच्या कागदावर सही धाकट्या मामाची. शेठने त्याला घरी बसवलं, चौकशी लागली. धाकटा सांगत होता की मी चाक फिरवून बघितलं, मोकळं फिरत होतं. आवारात गाडी चालवून ब्रेकही दाबला, गाडी थांबली. ते खरंच होतं. आवारातल्या वेगाला तीन ब्रेक पुरतात. पण आठवड्याभरात त्याचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. कॉटवर बसून तो आपले हात उलटेसुलटे करून बघायचा. धाकटी मामी आईला हळूच म्हणाली, "ताई, मी घरातल्या सुऱ्या लपवून ठेवल्यात."

हे आईने थोरल्याला सांगितलं. तो आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता.

"ते चाक स्वच्छ होतं," तो म्हणाला.

"कुठलं?" मी विचारलं.

"पुढचं उजवं. अपघाताआधी धुतली तेव्हा तीन चाकांखाली जांभळं पाणी आणि त्याच्याखाली साधं. ब्रेक धरतच नसेल तर धूळ येणार कुठून? पंचवीस वर्षं चाकं घासतोय मी."

"मग तुला कळलं नाही?"

"कळलं नाही असं नाही. मनात आलं होतं. पण त्याच्या आधी वाटलं, बरं झालं, आज खांदा वाचला. मग विसरलो."

मला त्याचा संताप आला. अजूनही येतो. खांदा दुखणाऱ्या माणसाला असं वाटणारच, हे कळतं मला, तरी येतो.

आई म्हणाली, "आता तोंड उघडू नकोस. गेलेला माणूस परत येणार आहे का?"

"तो नाही येणार," मामा म्हणाला. "पण हा जायला निघालाय."

चौकशीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेले, त्याला लिहिता येत नाही म्हणून. खोलीत एक टेबल, त्यामागे चौकशीचे साहेब आणि भिंतीला बाक. बाकावर धाकटा मामा, खाली मान घालून. थोरल्याने उभं राहून सगळं सांगितलं, खांद्याचंसुद्धा. साहेबांनी ऐकून घेतलं.

"गाडी तपासणं तुमचं काम होतं का?"

"नाही साहेब. धुणं."

"मग धुतलीत ना? झालं तर. पाण्याच्या रंगावरून ब्रेक कळतो, हे मी कागदावर काय म्हणून लिहू?"

"माझी चूक म्हणून लिहा."

"तुमच्या नावाला इथे रकाना नाही," साहेब म्हणाले आणि पान उलटलं. माणूस वाईट नव्हता, कंटाळलेला होता. ठपका धाकट्यावरच राहिला.

धाकट्याने मात्र मान वर केली होती. बाहेर जिन्यात त्याने थोरल्याला थांबवलं.

"किती वेळा दिसलं तुला?"

"दोनदा. लागोपाठ दोन रविवारी."

"आणि दोन्ही वेळा माझ्याकडे यायच्या आत धुऊन टाकलंस."

"तुला खोकला येतो म्हणून रे."

"आला असता, दादा. खोकलो असतो." त्याचा आवाज चढला नाही. "मी महिनाभर माझ्या हातांना शिव्या देतोय. तू रोज येऊन माझ्या शेजारी बसत होतास." आणि तो एकटाच जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने दाढी केली. पंधरा दिवसांत दुसऱ्या गावी ट्रक दुरुस्तीचं काम धरलं. धाकट्या मामीने सुऱ्या परत जागेवर ठेवल्या. याला चार वर्षं झाली. तो आईला फोन करतो, मलाही करतो. थोरल्याचं नाव निघालं की फोन ठेवतो.

मागे मी थोरल्याला म्हटलं, "एकदा जाऊन बोल की त्याच्याशी. पाय धर हवं तर." तो बादलीत स्पंज पिळत होता.

"नको," तो म्हणाला. "माझ्यावर चिडलाय तोवर स्वतःवर चिडणार नाही. चिडू दे."