कन्डोन

आमच्या वलगावात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. अमरावतीत इंग्रजीच्या शिकवण्या घेतो ना मी! विम्याचा कागद असो, औषधाची चिठ्ठी असो, मी उभ्याउभ्या अर्थ सांगतो. डिक्शनरी उघडायची म्हणजे कमीपणा. हा माज मला नडला आणि भोगलं माझ्या धाकट्या बहिणीनं.

ती अकोटला बीएड करत होती. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा दीड महिना आईजवळ तीच होती, त्यामुळे कॉलेजातली हजेरी कमी भरली. परीक्षेला बसू द्यावं म्हणून तिनं अर्ज केला. पेपर सोमवारी आणि उत्तर आलं शनिवारी संध्याकाळी, एका ओळीचं, इंग्रजीत. तिनं मोबाइलवर फोटो पाठवला. मी मोर्शीहून येणाऱ्या एसटीत उभा होतो, एका हातानं दांडी धरून. ओळीत 'कन्डोन' असा शब्द होता. मी तो 'कन्डेम'चाच भाऊ समजलो आणि लगेच फोन लावला.

"निषेध केला म्हन्ते तुह्या गैरहजेरीचा. नाई बसू देत."

"नक्की ना, दादा?"

"अवं, मी काय आज इंग्रजी शिकून राहिलो का?"

ती रविवारी बॅग भरून घरी आली. सोमवारी दुपारी कॉलेजातल्या बाबूंचा फोन आला, "ताई, पेपरले काहून नाई आल्या? तुमची हजेरी तं माफ झाली होती!"

माफ! कन्डोन म्हणजे चूक झाली हे ठाऊक असूनही ती चालवून घेणं, पोटात घालणं. त्या रात्री डिक्शनरीत पाहिलं. आधी मला त्या पत्र लिहिणाऱ्याचाच राग आला. अरे, 'माफ केलं' लिहायला काय हात दुखत होते तुझे? मराठीत लिहिलं असतं तरी यांनी 'क्षमापित' लिहिलं असतं म्हणा, ते तरी कोणाच्या बापाला कळतं! पण खरं सांगतो, राग मला माझाच आला होता. डिक्शनरी उघडणं दोन मिनिटांचं काम होतं. पोरीचं एक वर्ष गेलं. तिच्यासोबतच्या मुली पास होऊन अकोल्याच्या शाळांत मुलाखती देत होत्या आणि ही घरी तीच पुस्तकं पुन्हा वाचत होती.

मी माफी मागितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तू सांगतलं ना, मंग मी दुसऱ्याले कायले विचारू?" शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परवा तिचं यंदाचं हॉल तिकीट आलं. त्याच्यासोबत सूचनांचा एक इंग्रजी कागद होता. मी सवयीनं चष्मा लावला, हात पुढे केला.

"राहू दे दादा," ती कागदाची घडी घालत म्हणाली, "मी पायलं."