ढब्बूच्या नमुन्यातली रेघ

जनावरांच्या रोगांचं निदान करणाऱ्या प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ होती. लग्न केलं नव्हतं. घरी बोलायला एकटा ढब्बू, म्हणजे तिचा म्हातारा कुत्रा; आणि तोही आताशा ऐकता ऐकता घोरायचा.

त्या वर्षी प्रयोगशाळेत एन्टरोकॉकस नावाच्या जंतूंवर काम चाललं होतं. हे जंतू जनावरांच्या आतड्यात निमूट राहतात, पण त्यातल्या काहींच्या अंगी रोग करणारे जीन असतात. असा जीन सापडला, की पीसीआर यंत्र त्याच्या ढीगभर प्रती काढतं आणि जेलच्या पातळ थरावर चमकती रेघ उमटते. निरोगी कुत्र्यांच्या विष्ठेचे नमुने कमी पडले, तेव्हा तिने ढब्बूचाही दिला.

रेघ उमटली. रक्तातल्या तांबड्या पेशी फोडणारं विष बनवणारा जीन! आपल्याच हातून गफलत झाली असेल म्हणून तिने सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"अहो, कुत्रा ठणठणीत आहे," प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाई हसल्या. "तुम्हालाही काही होणार नाही."

"माझी भाची राहायला येतेय. कॅन्सरचे उपचार चालू आहेत तिचे."

बाईंचं हसू मावळलं. "मग तिची प्रतिकारशक्ती कमी असणार. तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको."

भाचीसाठी तिने खोलीला रंग दिला होता, नवी गादी आणली होती. किती वर्षांनी घरात कुणाची तरी चाहूल लागणार होती. गप्प बसणं सोपं होतं. तिने बहिणीला फोन लावला.

रेघेची सगळी हकीकत सांगून झाली. मग बहीण म्हणाली, "ताई, कुत्रा देऊन टाक ना कुणाला तरी."

"त्याला दिसत नाही गं आता. कोण घेणार?"

"बरं," बहीण म्हणाली. भाचीची सोय रुग्णालयाजवळच्या वसतिगृहात झाली.

सुट्टीच्या दिवशी ती धुतलेले कपडे घालून, हात खसाखसा घासून भेटायला जायची. दोघी आवारातल्या बाकाच्या दोन टोकांना बसायच्या.

"मावशी, जवळ ये ना. डॉक्टर हो म्हणालेत."

"येते हं," म्हणत ती जराशीच सरकायची.

भाची बरी झाली. गावी परतताना तिने फोन केला. गाडीची वेळ झाली होती, भेट राहून गेली.

"पुढच्या वेळी तुझ्याकडेच उतरेन, मावशी."

"ये गं, नक्की ये," ती म्हणाली. फोन बंद झाल्यावरही तो तिने थोडा वेळ कानाशी तसाच धरला. मग कोंबड्यांचे नमुने आलेत म्हणून कुणीतरी हाक मारली, आणि ती हातमोजे चढवून कामाला लागली.