उसनी सुमन

"तरटावर नको, खाली बस. साहेबांची जीप दिसली की तरटावर सरक. आन नाव विचारलं तर सुमन सांग."

गावच्या शाळेचे हेडगुरुजी मला म्हणाले. सुमन म्हणजे पाटलांची मुलगी. तिला तेराच्या पुढं पाढे येत नव्हते, म्हणून त्या दिवशी तिला घरीच ठेवलं होतं. मला तिसापर्यंत येत होते.

बहात्तरच्या दुष्काळाआधीची ही गोष्ट. गावात सरकारी शाळा दोन. एक गावातली. दगडी, कौलारू, आत नकाशे, पृथ्वीचा गोल. दुसरी आमच्या वस्तीवरची. पत्र्याची. ऊन तापलं की आम्ही बाभळीखाली. तपासणीला नगरहून दिपोटी साहेब आले की वस्तीवरची हुशार पोरं गावच्या शाळेत उसनी न्यायची, ही रीतच होती. आमचे गुरुजीच पाठवायचे. पाटलांशी वाकडं कोण घेणार? मग साहेब वस्तीवर यायचे, तिथं राहिलेली पोरं माना खाली घालायची आणि शेरा पडायचा, प्रगती नाही.

त्या वर्षी एकाच शाळेला नवी खोली मिळणार होती. जिची पोरं हुशार, तिला.

आई म्हणाली, "जा बाई. त्यांच्याच रानात राबतो आपन."

गेले. वस्तीवरची आणखी दोन पोरं सोबत होती. साहेबांनी पाढा विचारला, म्हटला. तोंडी गणित घातलं, सोडवलं. साहेब खूश. "कुणाची ही?"

हेडगुरुजी म्हणाले, "आमच्या पाटलांची सुमन. घरचं वळणच तसं आहे, साहेब."

घरचं वळण. त्या घरचं शेण माझी आई काढत होती. माझं डोकं सणकलं.

"मी सुमन न्हाई. वस्तीवरच्या शाळेची हाय. ही दोघं बी तिथलीच. आमाला उसनं आनलंय."

मी माझं नाव सांगितलं, बापाचंही सांगितलं. साहेबांनी हेडगुरुजींकडं पाहिलं, मग हसले. "पोरगी फटकळ आहे." आणि पाटलांकडं चहाला गेले. वस्तीवर आलेच नाहीत. खोली गावच्या शाळेला मिळाली. आईचं काम सुटलं. मी बसले होते ते तरट धुऊन कुंपणावर वाळत घातलेलं मी दुसऱ्या दिवशी तिथून जाताना पाहिलं.

पुढं डोक्यावर भाजीची पाटी घेऊन धंद्याला सुरुवात केली. आज नगरच्या बाजारात माझा भाजीचा गाळा आहे. माझ्याशी भाव करताना भल्याभल्यांना घाम फुटतो. परवा गावची माणसं आली. पुढं सुमनचा भाऊ, आता सरपंच.

"ताई, शाळेच्या कार्यक्रमाला पाहुण्या म्हणून या. आपल्या शाळेची माजी विद्यार्थिनी म्हणून तुमचं नाव दर्शनी फळ्यावर लावतोय."

"तुमच्या शाळेत मी कदी शिकले?"

"जाऊ द्या ताई, झालं गेलं."

"झालं. गेलं न्हाई."

सरपंचाला तोंडावर सांगितलं, वस्तीवरची शाळा अजून पत्र्याचीच आहे. आधी तिला भिंती घाला, मग माझ्या दारात या. तोवर तुमच्या फळ्यावर माझं नाव दिसलं, तर भर कार्यक्रमात येऊन माझ्या हातानं पुसेन. आणि त्या दिवशी सुमन म्हणून कोण बसलं होतं, ते तिथंच माईकवर सांगेन.

यात घासाघीस होणार नाही.