चाल वापस घे
रिमोटमधले सेल पाझरलेले दिसले की मला बाबांचं बुद्धिबळाचं मशीन आठवतं. बाबांचे एक मित्र वीस वर्षं कारध्याहून पूल ओलांडून सायकलने आमच्याकडे खेळायला यायचे. दोन्ही वजीर मेले की ते आपला राजा पटाच्या मध्यात काढायचे आणि बाबा दर वेळी म्हणायचे, "राजाले कोपऱ्यातच राहू दे गा. चाल वापस घे." ते हसून चाल मागे घ्यायचे आणि हरायचे. त्र्याऐंशी साली ते वारले, तेव्हा बाबांना सोबत म्हणून माझ्या दिराने दुबईहून ते मशीन आणलं. त्याला हात नव्हते. दिवा लागेल त्या घरात त्याची सोंगटी आपणच ठेवायची. पहिल्याच डावात वजीर मेले आणि मशीनच्या राजासाठी मधल्या घराचा दिवा लागला. "चाल वापस घे," बाबा सवयीने म्हणाले. दिवा लुकलुकतच राहिला. शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने तो राजा मध्ये ठेवला आणि तासाभरात हरले. "वीस वर्षं त्याचंच बराबर होतं," एवढं बोलून ते जेवायला उठले. मशीन कपाटात गेलं, सेल आतच पाझरले. आता मी मोबाइलवर खेळते, तर तोही मला तीच चाल सुचवतो. मी राजा मध्ये नेते, जिंकते, आणि मला काहीच वाटत नाही.