आल्याच्या बिअरची अर्धी बरणी

प्रिय अद्वैत आणि मिहिका,

अद्वैतचा ईमेल मी दोनदा वाचला. तिकडे अमेरिकेत तुमचा फुटबॉलचा सीझन सुरू होतोय, मॅचआधी पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडून तुम्ही सगळे खाता-पिता, आणि या वर्षी घरी बनवलेली बिअर न्यायची जबाबदारी तुझ्यावर आली आहे. 'आजी, बाबा म्हणतो तू एक्स्पर्ट आहेस. कुठल्या प्रकारची करू, आयपीए, स्टाउट की व्हीट?' असं तू गमतीत विचारलंस. मी गमतीत उत्तर देणार नाही.

त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात अबू धाबीत मंडळाच्या कार्यक्रमाला आमच्या शारजाच्या दिवसांतल्या शैलाताई आल्या होत्या. वय झालंय, पण आवाज तोच. वीसेक बायकांसमोर म्हणाल्या, "आल्याची बिअर? ती तर इथं पहिल्यांदा मीच केली." मी हातातला बटाटेवडा संपवला आणि घरी आले. आता खरं काय ते लिहून ठेवते. मराठीतच लिहिते, शब्द अडला तर बाबाला विचारा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तुमच्या बाबाला आणि आत्याला घेऊन मुंबईहून निघाले. आजोबा वर्षभर आधी येऊन शारजात नोकरीला लागले होते. माझी आई बेळगावहून सोडायला आली होती. विमानतळावर सगळे रडत होते, ती रडली नाही. म्हणाली, "भांडून येऊ नकोस. आणि हरून तर मुळीच येऊ नकोस."

माझ्या पर्समध्ये टॉवेलात गुंडाळलेली एक बरणी होती. बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या मेट्रनबाई उन्हाळ्यात आल्याची बिअर करायच्या. नावाला बिअर, चढत वगैरे काही नाही. किसलेलं आलं, साखर आणि पाणी बरणीत ठेवायचं, रोज चमचाभर आलं-साखर घालायची, की चार-पाच दिवसांत बुडबुडे धरतात. दह्याला विरजण लागतं तसं हे तिचं विरजण. ते आल्याच्या सरबतात मिसळून बाटल्या बंद ठेवल्या की बिअर फसफसते. शाळा सुटताना त्यांनी मला वाटीभर दिलं होतं, आणि तेव्हापासून मी ते मरू दिलं नव्हतं. कस्टमवाल्यानं "क्या है?" विचारलं. मी "अचार" म्हणाले. आयुष्यात मी फार थोड्या वेळा खोटं बोलले आहे. ही पहिली.

शारजातच अल नहदाला कंपनीचा फ्लॅट होता. खिडकीतून पलीकडची दुबई दिसायची. आमच्या जवळच्या मैदानावर हिवाळ्यात कंपन्यांच्या फुटबॉल मॅचेस व्हायच्या. केरळचे आणि गोव्याचे लोक खेळायचे, आपले लोक मुख्यतः ओरडायचे. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सगळ्या फॅमिलीज दुपारीच गाड्या लावून डिक्या उघडत. एकाकडे कबाब, एकाकडे साबुदाणावडे, आमच्याकडे आल्याची बिअर. सीझनआधी मी तीन प्रकार करून पाहायचे: लिंबाची, कोकमाची आणि खजुराची. लिंबाची सगळ्यांना चाले. कोकमाची उन्हात छान. खजुराची चवीला उत्तम, पण रंगानं अगदी खऱ्या बिअरसारखी काळपट, म्हणून मी ती घरातच ठेवायचे.

शैलाताईंचे मिस्टर आजोबांचे साहेब. ताईंनी एकदा माझ्याकडे विरजण मागितलं. दोन दिवसांनी देते म्हणाले, आणि पाहुण्यांच्या गडबडीत राहून गेलं. चूक माझी. पण पुढच्या शुक्रवारी सगळ्यांच्या देखत त्या हसत म्हणाल्या, "सुमनवहिनी शारजात राहून घरी दारू गाळतात हं! पोलिसांना कळलं तर जोशींची थेट मुंबई!"

लोक हसले. ऑफिसात मात्र कुणी हसलं नाही. शारजात दारूबंदी. आजोबांना ॲडमिननं बोलावून तासभर प्रश्न विचारले. पुरावा नव्हता, पण कंपनीचं नाव खराब व्हायला नको म्हणून आठवड्यात फ्लॅट सोडायला सांगितला. आम्ही शेजारच्या अजमानला गेलो. आजोबा रोज ट्रॅफिकमध्ये तीन तास घालवू लागले. ज्या माणसानं कधी थेंब घेतला नाही, त्याच्याकडे ऑफिसातली मुलं 'जोशी, हबीबी, एक बाटली?' म्हणून डोळे मिचकावत. आजोबा म्हणायचे, "जाऊ दे गं, आपण इथं पाहुणे."

मी जाऊ दिलं नाही. मी थांबले.

दोन वर्षांनी कंपनीत नवे इंग्रज जनरल मॅनेजर आले. त्यांची आजी आल्याची बिअर करायची, असं ते कुठल्याशा पार्टीत बोलले. शैलाताईंच्या मिस्टरांना प्रमोशन हवं होतं. सीझनच्या फायनलला मी स्वतः केलेली आणते, असं त्या बोलून बसल्या. मग मला फोन. "अगं सुमन, झालं गेलं विसर ना. आपलीच माणसं आपण."

"विसरले की," मी म्हणाले.

त्यांच्यासाठी मी कृती स्वच्छ अक्षरात लिहिली. प्रत्येक माप बरोबर. 'पिताना उघडेपर्यंत झाकण काढू नये' हेही लिहिलं. तेही खरंच आहे. मग बरणीतलं अर्धं विरजण पातेल्यात ओतलं आणि दहा मिनिटं खळखळून उकळलं. इतकी वर्षं जपलेली जिवंत वस्तू मी माझ्या हातानं मारली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गॅस बंद केला नाही. गार झाल्यावर बरणीत भरलं, आणि त्या न्यायला दाराशी आल्या तेव्हा त्यात थोडा सोडा ओतला. बुडबुडे पाहून शैलाताई म्हणाल्या, "अय्या, किती छान!"

उरलेल्या अर्ध्यातलं थोडं राखून बाकीच्याची मी बिअर केली. या वेळी प्रकार निवडायला मला एक क्षणही लागला नाही. खजुराची. ज्या दारूचा आरोप होता, तिच्याच रंगाची.

फायनलला शैलाताईंनी टेबलक्लॉथ घालून चाळीस बाटल्या मांडल्या. मॅनेजरसाहेबांनी पहिली उघडली. फस्स नाही, फेस नाही, काही नाही. घोट घेऊन ते सभ्यपणे म्हणाले, "खोकल्यावर चांगलं असेल." मग मी आमच्या जुन्या गाडीची डिकी उघडली. पहिल्या बाटलीचा आवाज मैदानापर्यंत गेला. साहेबांनी तीन ग्लास घेतले आणि आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "जोशी, ही इतके दिवस लपवली कुठं होती?"

"अजमानला, सर," आजोबा म्हणाले.

शैलाताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काय गाळलंस त्यातलं? कृतीत काय लिहिलं नाहीस?"

"कृतीतला एक शब्दही कमी नाही, ताई."

परतताना मी गाडीत आजोबांना सगळं सांगितलं. सिग्नलला त्यांनी गाडी थांबवली. मग म्हणाले, "उकळलंस?"

"हो."

"खलास," ते म्हणाले आणि इतके हसले की गाडी कडेला घ्यावी लागली. अजमानला गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

तर अद्वैत, तुला एकवीस पूर्ण झाली आहेत, हवी ती बिअर कर. पण प्रकार निवडताना फक्त हवा आणि जेवण बघू नकोस, तिथं कोण उभं असणार आहे तेही बघ. तुझ्या बिअरला कुणी हसलं असेल, तर स्टाउट ने. काळी आणि जोरदार.

बेळगावचं घर विकलं गेलं. अल नहदाचा फ्लॅट गेला, अजमानचाही गेला, आजोबा गेले. आता तुमच्या आत्याच्या अबू धाबीतल्या खलिफा सिटीच्या घरात एक खोली माझी आहे. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मला पत्ता आठवत नाही, ओटा आठवतो, ज्यावर त्या त्या वेळी ती बरणी होती. मिहिका डिसेंबरात येईल तेव्हा वाटीभर घेऊन जाईल. शैलाताईंना मी आजही देणार नाही.

आज सकाळी चमचाभर साखर घातली. बुडबुडे येत आहेत.