बुडबुड्यांची राखण

मामांच्या पायाला भिंगरी होती, पण ती पाण्याखालची. जमिनीवर माणूस तसा आळशी. धक्क्यावरच्या खोलीतून बोटीपर्यंत जायचं तर वाटेत दोनदा टेकणार. पाण्यात उतरले की मात्र विशीतले. अर्धं आयुष्य मुलांना डायव्हिंग शिकवण्यात गेलं. मग मागच्या मोसमात, भरल्या सर्दीत, कुणाचा तरी पडलेला कॅमेरा आणायला ते खाली गेले आणि डाव्या कानाचा पडदा फाडून वर आले. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "परत पाण्याखाली गेलात, तर या कानानं ऐकायचं विसरा."

त्यानंतरची ही पहिलीच सहल. बोट थोरल्या बहिणीची. शीड, सुकाणू, नांगर, सगळं ताईच्या हुकमात. मामांनी ताईच्या मुलीला पोहायला शिकवलं होतं आणि बुडी मारायलाही. आज तीच पहिल्यांदा त्यांच्या जागी मुलांना खाली नेणार होती. मामांकडे काम आलं होतं बुडबुड्यांवर नजर ठेवायचं. खालच्यांच्या श्वासाचे बुडबुडे वर कुठे फुटतात ते बघायचं आणि बोटीपासून लांब जायला लागले की ओरडायचं.

"बसून करायचं काम आहे," ताई म्हणाली. "जमेल ना?"

"बसण्यात माझा हात कोण धरणार?"

"दिसतंय ना. सकाळपासून बूड टेकलेलं नाही तुझं."

खरंच टेकलेलं नव्हतं. रबरी सूट टांगलेल्या त्या ओलसर खोलीत भाची हवेच्या टाक्या तपासत होती आणि तिच्या मागोमाग मामा त्याच टाक्यांवर वाकत होते.

"मामा, मी बघितलंय सगळं."

"हो, मी तू बघितलेलं बघतोय."

ती हसली, पण टाकीवरचा त्यांचा हात तिनं हळूच बाजूला केला. मामा कोपऱ्यात गेले आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून आपला जुना बुडीचा मास्क पावाच्या पिशवीत सारला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. जवळ असलेला बरा, एवढंच.

सूट चढवताना एका मुलीनं नाक ओढलं. मामांचा चांगला कान तिकडे वळला.

"नाक बंद?"

"थोडंसंच, मामा."

"मग आज तू वरच."

"अहो, पण मी महिनाभर याचीच वाट बघत होते!"

"कान फुटायला थोडंसंच पुरतं. सर्दीत पाण्याखाली जायचं नाही म्हणजे नाही."

बाकीच्या मुलांनी तिचं बारसं तिथल्या तिथे उरकलं: सर्दीबाई. ती जी फुगली, ती फुगलीच. शीड चढवताना सगळी पोरं दोराला लोंबकळून आरडाओरडा करत होती, एक जण कठड्यावरून न्याहारी परत करत होता, आणि सर्दीबाई डाव्या कडेला सगळ्यांकडे पाठ करून बसली होती.

खडकांपाशी नांगर पडला. शीड उतरलं. एकामागून एक मुलं पाण्यात गेली. शेवटी भाचीनं मामांकडे बघून अंगठा आणि तर्जनी जुळवून 'ठीक' अशी खूण केली आणि तीही दिसेनाशी झाली. ताई नकाशा बघायला खालच्या खोलीत उतरली.

मामा बोटीच्या मागच्या टोकाला बसले. उजव्या हाताला बुडबुडे फुटत होते. मामा उठले. बसले. पाणी प्यायले. खाली असताना त्यांना कधी घोर लागला नव्हता. तिथे पोरं डोळ्यांसमोर असत, कुणी बावरलं तर हात धरता येई. इथे काय, तर साबणाच्या पाण्यासारखा फेस. कुठला कुणाचा, देव जाणे! भाची त्यांना खडकाच्या फटीत तर नेणार नाही? ती फट मामांना ठाऊक होती. आपण तिला सांगितलं होतं का? सांगितलं होतं. नक्की? वारा फिरला, मानेला गार लागलं. मामांनी कॉलर वर केली आणि पुन्हा पाण्याकडे पाहिलं.

बुडबुडे नव्हते.

त्यांनी डोळे चोळले. उजवीकडचं पाणी स्वच्छ, सपाट. हाक मारून उपयोग काय, खाली ऐकणार कोण? पावाची पिशवी उपडी झाली. मास्क कपाळावर चढला, एका पायात कुणाचा तरी पोहायचा रबरी फिन गेला. मामा काठावर बसले आणि त्यांनी डाव्या कानात कापसाचा बोळा कोंबला, जणू समुद्राला तेवढ्यानं अटकाव होणार होता.

"मामा! कुठे निघालात?"

सर्दीबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बुडबुडे गेले! सरक!"

"गेले कुठे? माझ्या बाजूला आहेत की. मघापासून बघतेय मी. मला वाटलं, तुम्हीपण बघताय."

मामा एका फिनानं फटक फटक करत डाव्या कडेला गेले. फेसाचे पुंजके निवांत फुटत होते. आवाज ऐकून वर आलेल्या ताईनं आधी किनारा पाहिला, मग भावाचा पाय.

"वारा फिरला, बोट नांगराभोवती वळली. तू आपला बोटीबरोबर गोल फिरलास आणि पोरं हरवली म्हणून बोंबललास!"

"समुद्राचा तळ कधी फिरत नाही, ताई. बोट फिरते हे मला काय ठाऊक?"

"आणि कानाचं काय? माझी पोर वर आली की काय सांगणार होतास तिला, तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून उडी मारली?"

मामा खाली वाकून फिन सोडवायला लागले. सर्दीबाईला मात्र दिवसभराचं उट्टं काढायचं होतं.

"मला सकाळी काय म्हणालात? लोका सांगे ब्रह्मज्ञान—"

"पुरे गं. कळलं."

त्यांनी फिन काढला. मास्क हातात फिरवला, काच शर्टाला पुसली आणि मग तो तिच्यापुढे धरला.

"बुडी नाही मारायची. शिडीला धरून नुसतं तोंड पाण्यात घालायचं. लाइफ जॅकेटचा पट्टा मी धरतो."

ती शिडी उतरली. मामा पालथे पडले, दोन्ही मुठींत पट्टा. तिनं डोकं वर काढलं, तर नाक आणखी वाहत होतं.

"दिसताहेत! सगळे ओळीनं! तुमची भाची पुढे आहे."

"खडकाच्या फटीपासून लांब आहेत ना?"

"फट कुठली ते मला काय माहीत? वाळू आहे खाली. पांढरी."

"वाळू म्हणजे ठीक. तिचा हात कुठे आहे? मागच्या पोराकडे वळून बघते का?"

"बघते हो."

"परत बघ. आत्ता बघते का?"

"मामा, मला श्वास तरी घेऊ द्या!"

"घे," मामा म्हणाले, "पण लवकर घे."