लिश्टेनश्टाइनचे दात

माझं माहेर जोह्याचं. घरात गणपतीचा कारखाना, त्यामुळे प्लास्टर कालवणं, ते साच्यात ओतणं, आत बुडबुडा राहू न देणं हे सगळं मी शाळेत जायच्या वयातच शिकले. पुढं दातांच्या कवळ्या बनवायचा कोर्स केला आणि पेणच्या एका दवाखान्यात नोकरीला लागले, तेव्हा वडील म्हणाले होते की एवढं शिकून शेवटी पोरीचे हात प्लास्टरमध्येच. सासर रोह्याचं. सकाळच्या गाडीनं पेणला यायचं, दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या करायच्या, संध्याकाळी परत. पेशंटशी माझा संबंध फारसा येत नाही. तोंडात हात घालायचं काम डॉक्टर मॅडमचं. माझ्यापर्यंत पोचतो तो जबड्याचा साचा. कित्येक जबडे मी ओळखते, त्यांचे चेहरे मात्र कधी पाहिलेले नसतात.

एक दिवस एक पेशंट मावशी पडदा सारून थेट आत आली. कासू स्टेशनावरून खाडीकडं गेलं की तिचं गाव लागतं. साठी कधीच उलटलेली, अंगानं काटक, पाय मिठागरात राबणाऱ्यांचे असतात तसे तळव्याकडं भेगाळलेले. लग्न होऊन आल्यापासून मिठागर चालू होतं तोवर तिनं मीठ ओढलं, आणि मिठागर बंद पडल्यावर खाडीच्या बांधाआतली भातशेती केली. दात एकेक करत सगळे गेलेले. तिची मुलगी रोह्याच्या एका कंपनीत पॅकिंगला, ती शिफ्ट बदलून आईला घेऊन आली होती. मुलीचा हट्ट होता की दात चांगले, बाहेरच्या देशातले बसवायचे. मावशीला ते दात आधी बघायचे होते, म्हणून ती आत आली.

मी तिला पाकीट दाखवलं. मेणाच्या पट्टीवर ओळीनं चिकटवलेले दात. तिनं ते उजेडाकडं धरले, बोटानं चाचपले आणि विचारलं, हे कुठचे? मी पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचून देशाचं नाव सांगितलं. लिश्टेनश्टाइन. इतकी वर्षं मी तीच पाकिटं फोडत होते, पण तो देश कुठं आहे हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. मावशीनं नाव म्हणून बघितलं, पण बिनदाताच्या तोंडात ते मावेना. ती स्वतःशीच हसली आणि म्हणाली, "कुठं हाय गो हा देश? ज्यांचं दात तोंडात घालायचं त्यांचा गाव तरी कळूं दे."

पुढच्या वेळी सांगते म्हटलं.

कवळीला चार-पाच खेपा होतात. आधी माप, मग मेणावर चावून बघायचं, मग दात लावून बघायचे, आणि पक्की कवळी बसल्यावरही कुठं टोचतंय ते घासायला पुन्हा यायचं. मावशी प्रत्येक खेपेला मॅडमकडचं काम झालं की माझ्याकडं येऊन स्टुलावर बसायची, आणि मी तिच्यासाठी त्या देशाचं काहीतरी शोधून ठेवायचे. थोडं मोबाइलवर, थोडं माझ्या मुलीच्या शाळेच्या नकाशात. नकाशात तो देश एवढा लहान, की त्याचं नाव त्याच्या अंगावर मावत नव्हतं. शेजारच्या जमिनीवर छापून बारीक रेघ ओढलेली. एका बाजूला स्वित्झर्लंड, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रिया. वरून खालपर्यंत जायला पेणहून रोह्याला जावं त्याहून कमीच. एकूण अकरा गावं. डोंगराच्या एका कड्यावर राजाचा वाडा, खाली राजधानी, आणि देशाची एक अख्खी कड ऱ्हाइन नावाच्या नदीनं धरलेली. समुद्र नाही. शेजाऱ्यांनाही नाही.

मावशीला हे पटेना. समुद्र नाही तर मीठ कुठून? मी सांगितलं की तिकडं मीठ डोंगरातून काढतात, खाणीतून. तिनं माझ्याकडं जरा कीव केल्यासारखं बघितलं. उन्हाशिवाय मीठ होतं हे ती शेवटपर्यंत मानायला तयार नव्हती.

राज्यकारभाराचं मात्र तिला फार कुतूहल होतं. गावच्या एकूण एक ग्रामसभेला ती जाऊन बसलेली बाई. राजा खरंच आहे का, तो करतो काय, लोकांना भेटतो का, असं ती खोदून विचारायची. मी वाचलेलं सांगायचे. पंचवीस माणसांची सभा लोक निवडून देतात. पुरेशा सह्या गोळा केल्या की कुठल्याही कायद्यावर सगळ्या देशाचं मत घ्यावं लागतं. पण राजा नको म्हणाला तर ते तिथंच थांबतं. लोकांना राजाच नको झाला तर त्यावरही मत घेता येतं, आणि एखाद्या गावाला देशातून निघून जायचं असलं तर तेही मागता येतं. वर्षातून एक दिवस राजा वाड्यापाशी सगळ्या जनतेला बोलावतो, खाऊपिऊ घालतो. सैन्य नाही. फार पूर्वी एकदा लढाईवर पाठवलेलं म्हणे, तर जेवढे गेले त्यापेक्षा एक जास्त परत आला. वाटेत मैत्री झाली होती कुणाशी तरी.

ही गोष्ट तिला इतकी आवडली की बाहेर जाऊन तिनं ती रांगेतल्या पेशंटना सांगितली.

बायकांना तिथं मत उशिरा मिळालं, माझ्या जन्माच्या आसपास, हे मी सांगितलं तेव्हा मात्र ती म्हणाली की आपण तर त्याच्या आधीच, लग्न होऊन आल्या आल्या मत दिलेलं. मिठागरावरून तशाच मिठाच्या हातांनी सगळ्या बाया गेल्या होत्या. त्या देशातल्या बायकांबद्दल तिला वाईट वाटलं, आणि ते वाटणं खरं होतं.

बांधाचं तिनं मला मेणावर चावायच्या खेपेला सांगितलं. आधीच्या भादव्यात मोठं उधाण आलं आणि गावच्या बाहेरच्या बांधाला खांड पडली, म्हणजे बांध एका जागी तुटून खाडीचं पाणी सरळ शेतात शिरू लागलं. भात कुजलं. आता दर उधाणाला पाणी आत येत होतं आणि जमीन खारी होत चालली होती. अर्ज दिलेले होते. सरपंच माणूस चांगला होता, सरकारी कार्यालयात खेटे घालत होता, पण मंजुरी यायची होती. पूर्वी असं काही झालं तर गाव स्वतः उतरायचं. प्रत्येक घरानं माणूस द्यायचा, त्याला जोळ म्हणायचे. आता निम्म्या घरांनी जमिनी विकल्या, पोरं कंपनीत लागली, कुणाला कुणासाठी उतरायचं? ती सभेत दोनदा बोलायला उभी राहिली होती. दात नसल्यामुळे शब्द फुटेनात, मागची पोरं हसली, ती खाली बसली. "म्हणून दात पायजेत," ती म्हणाली. "खायला नाय. खायला भात नि आमटी हायच."

त्या संध्याकाळी गाडीत मी मोबाइलवर ऱ्हाइनबद्दल वाचत बसले. आणि सापडलं ते मी पुढच्या खेपेला तिला सांगितलं: त्या देशाचा नदीवरचा बांध पण असाच फुटला होता. शंभरेक वर्षं होत आली. खालची सगळी गावं पाण्यात गेली, शेतात गाळ आणि गोटे भरले. राजाचा वाडा वर डोंगरावर, त्याला काही झालं नाही. मावशीनं लगेच विचारलं, मग राजानं काय केलं? ते मला नीट माहीत नव्हतं. पण हे माहीत होतं की शेतं साफ करायला दुसऱ्या वर्षी परक्या देशांतून शेकडो माणसं आपणहून आली, फावडी घेऊन, मजुरी न घेता. मी दात बसवत होते. मेण तापवायच्या दिव्याकडं ती बघत राहिली.

कवळी जानेवारीत तयार झाली. चेहरा एकदम भरून आला. तिनं आरशात बघितलं आणि पहिला शब्द काढला तो देशाच्या नावाचा, अगदी साफ. मॅडम चकित झाल्या. मी झाले नाही, माझं काम मला माहीत होतं. पण डोळ्यांत पाणी आलं हेही खरं.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला मी नव्हते. टोचणारा भाग घासायला दोघी आल्या तेव्हा मुलीनं सांगितलं. सरपंचांनी नेहमीप्रमाणे सांगितलं की प्रस्ताव वर गेला आहे. मावशी उठली. तिनं त्या देशाच्या बांधाची गोष्ट सांगायला सुरुवात केली, तर कुणीतरी म्हणालं की परदेशाच्या गोष्टी टीव्हीवर बघू. मग तिनं गोष्ट सोडून दिली आणि एवढंच विचारलं, "हापिसाचा बांध हापिस बांधंल. आपला भांग कवा हाय तं बोला."

भांग म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सर्वांत कमी असतो ते दिवस. खांड बुजवायची तर तेव्हाच. मुलगी म्हणाली, सभेत कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं बोटांवर तिथी मोजली आणि दिवस सांगितला, रविवार. जमीन विकलेल्यांपैकीही काही जण येतो म्हणाले. प्रश्न राहिला तो माती धरून ठेवायला गोण्यांचा.

गोण्या म्हटल्यावर मला आमचा कारखाना आठवला. जोहे, हमरापूर, सगळीकडं प्लास्टरच्या रिकाम्या गोण्यांचे ढीग पडलेले असतात. मी भावाला फोन केला. त्यानं सात-आठ कारखान्यांत शब्द टाकला आणि त्या रविवारी टेम्पो भरून गोण्या घेऊन आला. बरोबर कारखान्यातली चार माणसंही आली, नखांत अजून रंग होता. मी नवऱ्याला आणि मुलीला घेऊन रोह्याहून गेले. खाडीपलीकडच्या गावातले लोकही होड्या घेऊन आले होते; त्यांच्या बांधालाही पुढंमागं माणसं लागणार होती, हे त्यांना ठाऊक होतं.

ओहोटी लागली तसे पुरुष खांडीत उतरले. बांबू रोवले, त्यांना आडवे बांबू बांधले, आणि मधे चिखल भरलेल्या गोण्या रचायला सुरुवात केली. बायकांची रांग होती. घमेलं एकीकडून दुसरीकडं जायचं. मी रांगेत होते. दुपारी माझे हात उचलेनासे झाले तेव्हा शेजारच्या बाईनं मला बाजूला केलं आणि माझ्या जागी उभी राहिली. मावशी बांधाच्या तोंडावर उभी राहून पुरुषांना सांगत होती, कुठली गोणी आधी, कुठली उताणी. तिच्या एका पुतण्यानं गोणी वाकडी टाकली. ती ओरडायला पुढं वाकली आणि खालची कवळी तोंडातून निसटली. दोन गोण्यांमधल्या ओल्या चिखलात गेली. पुतण्यानं लगेच हात घातला, आणखी दोघं वाकले, पण वरून घमेली रिकामी होतच होती. सगळे थांबले. पाणी नुकतं फिरलं होतं, बांबूंपाशी भरतीचा पहिला फेस दिसत होता.

मावशीनं तोंडावर पदर धरला आणि म्हणाली, "थांबू नका. पाणी येतंय. भरा वरून."

आणि त्यांनी वरून भरलं.

पुढच्या उधाणाला मी रात्रभर जागीच होते म्हटलं तरी चालेल. सकाळी तिच्या मुलीचा फोन आला. बांध राहिला होता. एका कोपऱ्यातून पाणी झिरपलं, तिथं त्यांनी पुढच्या भांगाला पुन्हा माती घातली. त्यानंतर आठवड्यानं मावशी खालच्या कवळीसाठी आली. मुलगी पुन्हा तसलेच दात आणूया म्हणत होती. मावशी नको म्हणाली. इथलेच घाल, वर ते नि खाली आपले, बघू जमतं का. सुरुवातीला जरा घासत होते, दोनदा घासून दिल्यावर बसले.

पावसाळा बांधानं काढला. कार्यालयाची माणसंही येऊन मोजणी करून गेली, खुंट्या मारून गेली. पक्कं काम पुढच्या वर्षी होईल असं सांगतात. दिवाळीनंतर मावशीनं मला जेवायला बोलावलं. आधी तिनं मला बांधावर नेलं. वरच्या अंगाच्या शेतांत भात कापून झालेलं, पेंढ्या उभ्या. खालच्या अंगाची शेतं अजून तशीच, मिठानं पांढरी पडलेली, त्यांत काही उगवलं नव्हतं. ती म्हणाली दोन पावसाळे धुऊन निघाली की येतील ती पण. तिचं स्वतःचं शेत खालच्याच अंगाला होतं. ते तिनं सांगितलं नाही, परत येताना तिच्या मुलीनं सांगितलं. जेवणातला भात दिराच्या शेतातला होता.

पानात सुकटीची चटणी, वालाचं बिरडं आणि तो नवा भात. मावशी वाढून समोर बसली, आणि मी पहिला घास घेईपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"खारा नाय ना लागत?" तिनं विचारलं.

नाही म्हटलं. तिनं आणखी वाढला.